मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता आणि मद्रास शहर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या वाटचालीचे लेख असावेत, जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी असाव्यात. तेथे मेंदूतील रक्तवाहिन्यांचे काय काम, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या विषयाकडे आम्हांला मंडळानेच वळविले. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री आरास करता करता आपल्यापैकी एका कुटुंबातील मुलगा आकडी येऊन कोसळला. कोणी कांदा आणावयास धावले, कोणी चप्पल नाकाशी धरली. पुढे तपासणीत कळले, की त्याच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा एक जन्मजात गुंता आहे. त्याच्या वडिलांनी याच शहरातील तीन जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. एकाने शस्त्रक्रिया सांगितली, दुसऱ्याने किरणोपचार, तर तिसऱ्याने गुंत्याला हात न लावता केवळ आकडीचे औषध द्यावे असे सुचविले. तिघेही जाणते असताना उत्तरे तीन कशी, हे कोडे आम्हांला सोडवेना. त्याचा उलगडा झाला तो इतिहास वाचल्यावरच.

हृदयाकडून येणारे रक्त धमन्यांतून जोराने वाहते. पुढे ते केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांत शिरते, तेथे त्याचा जोर ओसरतो, आणि मग ते शांतपणे शिरांवाटे परत फिरते. या विकारात मधल्या केशवाहिन्याच नसतात. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात आणि जोडाच्या जागी वेड्यावाकड्या वाहिन्यांची गुंतवळ झालेली असते. धरणाचे पाणी कालव्यात न सोडता सरळ शेताच्या पाटात सोडावे, तसा हा प्रकार. पाट फुगतो, बांध झिजतो, आणि एखादे दिवशी फुटतो. न फुटताही आकडी किंवा दीर्घकाळची डोकेदुखी होऊ शकते. काहींना जन्मभर पत्ताच लागत नाही.

धमनी आणि शीर अशा एकमेकींना जोडल्या जाऊ शकतात, हे प्रथम ध्यानात आले ते मेंदूत नव्हे, हातात. शीर कापून रक्त काढण्याची प्रथा जोरात असताना पात्याचे टोक खोल जाऊन खालच्या धमनीलाही भोक पडे. अशा रुग्णांच्या कोपराशी फुगलेली, थरथरणारी शीर पाहून लंडनच्या विल्यम हंटरने १७५७ साली त्यामागचे कारण लिहून ठेवले. शतकभराने जर्मनीत फिर्खोने मेंदूतील अशा गुंत्यांचे वर्णन केले. पण ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. याच दोहोंच्या दरम्यान आपल्या तंजावरास सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल चालविला, आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. त्या सरस्वती महालात आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि डोळा दिसतो, मेंदू कवटीआड असतो. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिनी पाहण्याची सोय तेव्हा जगात कोठेच नव्हती.

ती सोय केली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी. क्ष-किरणांत रक्त दिसत नाही; म्हणून मानेतील धमनीत असे द्रव्य सोडावयाचे, की जे किरणांना अडवील आणि वाहिन्यांची छाया फिल्मवर उमटवील. ऐकावयास सोपे, पण स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडच्या प्रयोगात एक रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइड वापरून १९२७ मध्ये त्यांना यश आले. त्यानंतर थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य निघाले. चित्रे उत्तम येत, रुग्णास वेदना कमी होत, म्हणून ते सर्वत्र चालले. पण ते किरणोत्सारी होते आणि यकृतात ठाण मांडून बसे. कित्येक वर्षांनी त्यातून कर्करोग उद्भवले. उपचारापायी नवा रोग देण्याची ही गोष्ट डॉक्टरांनीही विसरू नये, असे आम्हांला वाटते. मोनिझना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते या शोधासाठी नव्हे, तर मनोरुग्णांवरील मेंदूच्या एका शस्त्रक्रियेसाठी, जी पुढे वैद्यकाने टाकूनच दिली!

दिसू लागले म्हणून काढता येईना. १९२८ मध्ये बोस्टनचे कुशिंग व बेली आणि बाल्टिमोरचे डँडी यांनी आपापले अनुभव प्रसिद्ध केले. रक्तस्रावापुढे या मातब्बरांनीही जवळजवळ हात टेकले होते. १९३२ साली स्टॉकहोमच्या ओलिव्हक्रोना यांनी असा गुंता समूळ काढून दाखविला.

आता मद्रासकडे वळू. सेंट्रल स्टेशनासमोरील जनरल हॉस्पिटलची परंपरा १६६४ साली फोर्ट सेंट जॉर्जमध्ये सुरू झालेल्या रुग्णालयापर्यंत जाते. क्ष-किरणांसाठीची बर्नार्ड इन्स्टिट्यूट तेथे १९३४ मध्ये उघडली. परंतु मेंदूची शस्त्रक्रिया करणारा स्वतंत्र विभाग नव्हता. जवळच वेल्लोरला जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये असे काम आरंभिले. इंग्लंडात न्यूकॅसलला शिकून आलेल्या डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये ते मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात सुरू केले. लगेच १९५१ साली चँडी, राममूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग या चौघांनी याच शहरात न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली. चौघांची संस्था म्हणजे आपल्या मंडळाच्या पहिल्या बैठकीहूनही लहान! राममूर्तींच्या हाताखाली शिकलेल्यांत डॉ. टी. एस. कनका होत्या, आशियातील पहिल्या स्त्री न्यूरोसर्जनांत त्यांची गणना होते. राममूर्तींनी आत्मचरित्राला ‘अपहिल ऑल द वे’ असे नाव दिले. सारी वाट चढणीची, हे त्या काळाचे यथार्थ वर्णन होय. मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र हवे तर मानेत सुई टोचून द्रव्य सोडावयाचे, आणि ते वाहून जाण्यापूर्वी भराभर फिल्म घ्यावयाच्या. एवढाच मार्ग तेव्हा उपलब्ध होता. सी. टी. स्कॅन जगातच १९७१ मध्ये आला.

त्या तीन उत्तरांची मुळे याच सुमाराची. झुरिकचे याशार्गिल यांनी १९६७ पासून मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक रुळविला. स्टॉकहोममध्ये १९७० साली स्टायनर यांनी लेक्सेल यांच्या गॅमा नाइफने गुंत्यावर किरण एकवटले. येथे कापाकापी नाही. पण गुंता बुजावयास दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर फुटण्याचा धोका राहतो. तत्पूर्वी १९६० मध्येच अमेरिकेत ल्युसेनहॉप व स्पेन्स यांनी धमनीवाटे बारीक गोळ्या सोडून गुंता आतून बुजविण्याची तिसरी वाट काढली होती. १९८६ मध्ये स्पेट्झलर व मार्टिन यांनी गुंत्याचा आकार, त्याची जागा आणि खोल शिरांशी संबंध पाहून एक ते पाच अशी प्रतवारी बसविली. वरची प्रत म्हणजे शस्त्रक्रियेचा अधिक धोका. मुलाच्या कागदांवर लिहिलेल्या आकड्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कोठे समजला.

उरले तिसऱ्या डॉक्टरांचे उत्तर. न फुटलेला गुंता दरवर्षी फुटण्याचा संभव साधारणतः शेकडा दोन ते चार सांगतात. मग हात लावावा की न लावावा? ‘अरुबा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत अशाच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. ती २०१३ मध्ये मध्येच थांबविण्यात आली, कारण केवळ औषधांवर ठेवलेल्यांत पक्षाघात आणि मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर सर्जनांचा आक्षेप असा, की सरासरी तेहेतीस महिन्यांत आयुष्यभराचा हिशेब कसा मांडावा? आक्षेपात तथ्य आहे. वीस वर्षांच्या मुलापुढे महिने नव्हे, पन्नास वर्षे असतात. उलट, गुंता एकदा फुटलेला असेल तर तो पुन्हा फुटण्याचे भय अधिक. तेथे ‘अरुबा’चा दाखला लागू पडत नाही.

आपल्या मुलाचा गुंता फुटलेला नव्हता. पण तो खोल होता आणि वाचेच्या केंद्रालगत होता. वडिलांनी आठवडाभर कागद उशाशी ठेवले, आणि अखेर तूर्त औषधावर राहण्याचे ठरविले. शस्त्रक्रिया सांगणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी तसे जाऊन कळविले. डॉक्टरांनी न रागावता नव्या स्कॅनची तारीख लिहून दिली. ती तारीख आता दरवर्षी येते. गणपतीच्या आराशीला मुलगा अजूनही असतो. फक्त शिडीवर चढावयाचे काम त्याच्याकडे देत नाहीत.