पुसलं, म्हणजे कुठून पुसलं?



शिरगावात बोलायला उभं राहिलं की समोर ओळखीचे चेहरे असतात, त्यामुळे प्रश्नही घरचेच येतात. परवा एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "सर, जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचाय. नातवाने सगळं डिलीट केलंय. आता द्यायला हरकत नाही ना?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, यंत्रं नाही. पण हा प्रश्न माझ्याही विषयाचा आहे. एखादी गोष्ट 'नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो?

आपल्या नैयायिकांनी यावर शतकानुशतकं डोकं लढवलं. त्यांचं म्हणणं असं, की अभाव अधांतरी नसतो. 'घट नाही' हे वाक्य अपुरं. 'या जमिनीवर घट नाही' हे पुरं. कशाचा अभाव आणि कुठे, दोन्ही सांगावं लागतं. घट फुटला तर तो प्रध्वंसाभाव. शेजारच्या खोलीत ठेवला, तर तो इथे नाही, पण आहे. आजचं सगळं व्याख्यान या 'कुठे'वरच आहे.

पूर्वी मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची. हात फिरवला की अक्षर गेलं, कारण ते एकाच जागी होतं. वह्या आल्या, नकला आल्या, आणि पुसणं अवघड झालं. देहू इथून जवळच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी राहू द्या. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अभंग नुसते त्या वह्यांत नव्हतेच. ते टाळकऱ्यांच्या मुखात होते, आणि संताजी जगनाड्यांनी ते लिहून ठेवले असंही आपण मानतो. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला, आपल्याच मावळात आहे. पुढे १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन खंड निघाले, तेव्हा संपादकांना निरनिराळ्या गावच्या पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या. वह्या बुडवणाऱ्याला बाकीच्या जागा ठाऊकच नव्हत्या.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. ग्रंथालयात पूर्वी कार्डांचा कॅटलॉग असायचा, आठवतंय? एखाद्याने कार्ड फाडून टाकलं, तर पुस्तक 'सापडत नाही', पण असतं ते कपाटातच. साध्या हार्ड डिस्कवरचं डिलीट म्हणजे कार्ड फाडणं. फाइलची नोंद जाते. मजकूर, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तसाच राहतो. २००३ साली अमेरिकेत गारफिंकेल आणि शेलात या दोघांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालत होत्या. नीट पुसलेल्या किती? फक्त १२.

मला हे पुस्तकात वाचायची गरज पडली नाही. मी शिकवत होतो त्या विभागाचे जुने कॉम्प्युटर 'फॉरमॅट करून' लिलावात गेले. काही महिन्यांनी माझाच एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने त्यातलाच एक घेतला होता. त्याने कागद पुढे ठेवला. एका मुलीच्या प्रबंधावरचा माझा गोपनीय अभिप्राय होता, आणि मी त्यात फार कडक लिहिलं होतं. "सर, मी कुणाला दाखवला नाही," एवढंच तो म्हणाला. ती मुलगी माझ्यावर विश्वास ठेवून होती. तिची लाज राखली ती त्या मुलाच्या सज्जनपणाने. माझ्या काळजीने नव्हे.

मग उपाय काय? वर दुसरं काहीतरी लिहायचं. १९९६ साली न्यूझीलंडच्या पीटर गटमन यांनी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली. ती तेव्हाच्या सगळ्या प्रकारच्या डिस्क ध्यानात घेऊन केलेली बेरीज होती. कुठल्याही एका डिस्कला पस्तिसच्या पस्तीस लागतच नव्हत्या. पण लोकांनी तिचा मंत्र केला, अशी तक्रार पुढे गटमननीच केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने सांगितलं, की २००१ नंतरच्या, १५ जीबीहून मोठ्या डिस्कला एकदा पूर्ण लिहिलं तरी सर्वसाधारण कामाला पुरे.

तेवढ्यात डिस्कच बदलली. एसएसडीमध्ये तुम्ही 'त्याच जागी' लिहा म्हटलं, तरी ती झीज वाचवायला दुसऱ्या जागी लिहिते. जुनं मागे राहू शकतं. त्यासाठी डिस्कच्या आतच पुसण्याची आज्ञा दिलेली असते. २०११ साली सॅन डिएगोच्या संशोधकांनी ती तपासली, तेव्हा एका ड्राइव्हने 'पुसलं' असा निरोप दिला आणि माहिती मात्र जशीच्या तशी होती!

सफाईच्या सॉफ्टवेअरमधले दोष दोन्ही बाजूंनी होतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने रिकामे, दुबार फोल्डर काढायला घेतले आणि काही लोकांची खरी कागदपत्रंच उडवली. मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. आणि २०२२ मध्ये उलट. 'सगळं काढून टाका' म्हटल्यावरही वनड्राइव्हच्या काही फाइली 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात राहत होत्या. पहिल्या वेळी प्रोग्रामला वाटलं, इथे काही नाही, होतं. दुसऱ्या वेळी वाटलं, आता कुठेच नाही; तेही होतं. दोन्हीकडे चूक 'कुठे'चीच.

म्हणून त्या गुरुजींना माझं उत्तर असं. आधी हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या आणि ती प्रत उघडून बघा. साधी हार्ड डिस्क असेल तर पूर्ण डिस्कवर एकदा लिहून घ्या. एसएसडी असेल तर पहिल्या दिवसापासून ती सांकेतिक कुलपात ठेवा; किल्ली नष्ट झाली की मजकूर असून नसल्यासारखा. पुसल्यावर दुसऱ्या प्रोग्रामने शोधून पाहा. आणि अगदी नाजूक असेल, तर डिस्क काढून घ्या आणि रिकामी पेटी भंगारात द्या.

आणि नातवाला विचारा, "बाळा, डिलीट केलंस, पण कुठून?" त्याला उत्तर आलं नाही, तर घाई करू नका.