व्हिएन्नाच्या बाळंतिणी

गेल्या वर्षी आमच्या मंडळात आठ दिवसांचा एक वर्ग भरला होता. घरात आजारी माणूस असले, बाळंतीण असली किंवा गावात साथ आली, तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून काय करावे, हा त्याचा विषय. शिकविण्यास एक अनुभवी परिचारिकाबाई येत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांला हात धुवावयास शिकविले, तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली. त्या हसणाऱ्यांत मीही होते. जन्मभर धुणीभांडी केलेल्या बायकांना हात धुणे ते काय शिकवायचे? पुढे बाईंनी अंगठ्या आणि बांगड्या काढावयास सांगितल्या, तेव्हा तर काही जणी रागावल्याच. बाई म्हणाल्या, "रागावू नका. व्हिएन्नाचे मोठमोठे डॉक्टरसुद्धा असेच रागावले होते."

ती हकीकत त्यांनी पाच मिनिटांत सांगितली. पण माझ्या मनातून ती जाईना. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून पुस्तके आणून, अडले तेथे मुलीला विचारून, जे समजले ते लिहीत आहे. चिटणीसबाईंनी खरे म्हणजे लोणच्याची कृती मागितली होती. ती पुढच्या वर्षी देईन.

व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. तेथल्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळात गोरगरीब बायकांची बाळंतपणे फुकट होत. त्या बदल्यात शिकणाऱ्यांनी त्यांना तपासावयाचे, असा रिवाज होता. प्रसूतीचे विभाग दोन. १८४० पासून पहिल्या विभागात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी शिकत. एक दिवस पहिल्या विभागात बायका घेत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात. दुपारी चार वाजता पाळी बदले.

पहिल्या विभागात बाळंतज्वराने बायका पटापट मरत. १८४६ साली तेथे ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या. त्याच वर्षी सुइणींच्या विभागात ३,७५४ बाळंतपणे झाली, त्यांत १०५ गेल्या. इमारत एक, हवा एक, बायकाही एकाच थरातल्या.

ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी गावातल्या बायकांना ठाऊक होती. पहिल्या विभागाची पाळी आहे असे कळले की त्या हात जोडून, गुडघे टेकून, दुसऱ्या विभागात पाठवा म्हणून विनवीत. कित्येक जणी वाटेतच, रस्त्यावर बाळंत होऊन मग इस्पितळात येत. आणि नवल असे, की रस्त्यावर बाळंत झालेल्या ह्या बायकांना ताप क्वचितच येई! दगडावर बाळंत होणे पुरवले, पण त्या खोलीत नको, हे त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांनी ओळखले होते. त्यांना विचारावे असे मात्र फारसे कोणाच्या मनात आले नाही.

१८४६ साली तेथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचे अठ्ठावीस वर्षांचे हंगेरियन डॉक्टर साहाय्यक म्हणून आले. त्या बायकांची विनवणी त्यांना ऐकवेना. वडीलधारे डॉक्टर सांगत, हवेतला दोष आहे. कोणी म्हणे, पुरुष विद्यार्थी तपासतात म्हणून बायकांच्या लाजऱ्या मनावर परिणाम होतो. (लाजेने माणूस आजारी पडते, तर आपल्यापैकी किती जणी उरल्या असत्या!) कोणी म्हणे, मरणाऱ्याला शेवटचा संस्कार देण्यास येणारा धर्मगुरू घंटा वाजवीत वॉर्डातून जातो, त्या धास्तीने. सेमेलवाइस यांनी त्या गुरूंना घंटा न वाजविता दुसऱ्या वाटेने येण्याची विनंती केली. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करीत, तर तेही करून पाहिले. मरणे थांबली नाहीत.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे मित्र प्रोफेसर कोलेचका वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइस त्या वेळी व्हेनिसला गेले होते. परत आल्यावर मित्राच्या आजाराची सगळी टिपणे वाचताना त्यांच्या अंगावर काटा आला असला पाहिजे. कारण हा आजार बाळंतज्वराहून वेगळा नव्हता. पुरुषाला बाळंतज्वर कसा होईल? उलगडा एकच. प्रेतातले काही तरी विष सुरीवाटे त्यांच्या रक्तात गेले. मग सकाळी प्रेते फाडून तेच विद्यार्थी बाळंतिणींना तपासावयास येतात, त्यांच्या हातांवाटे काय जात असेल? सुइणी प्रेते फाडीत नव्हत्या.

विद्यार्थी हात धूत नसत असे नव्हे. साबणाने धूत. पण धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राही, हे सेमेलवाइस यांनी हेरले. वास जाईपर्यंत हात स्वच्छ झाला म्हणू नये, असे ठरवून त्यांनी मे महिन्यात दाराशी क्लोरीनचे पाणी ठेवले. पुढे ते महाग पडे म्हणून ब्लीचिंग पावडरचे. प्रत्येकाने त्यात हात धुतल्यावाचून आत पाऊल टाकावयाचे नाही. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बायका गेल्या होत्या. जुलैत शंभरांत एक-दोन. १८४८ साली सबंध वर्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ गेल्या.

मध्ये एक वाईट प्रसंग झाला. ऑक्टोबरात गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टर पुढच्या बायकांकडे गेले. बारापैकी अकरा बायका मेल्या. म्हणजे विष केवळ प्रेताचे नव्हे, जिवंत माणसाकडूनही येते. त्या दिवसापासून एका बाईकडून दुसरीकडे जाताना हात धुण्याचा नियम झाला. आमच्या बाई आज तेच शिकवितात: हात रोग्याला लावण्याआधी, आणि लावल्यानंतरही.

आता वाटेल, ह्या माणसाला लोकांनी डोक्यावर घेतले असेल. तसे घडले नाही. विद्यार्थ्यांना त्या पाण्याचा कंटाळा. वरिष्ठांना ते म्हणणे पटेना. शिवाय ह्या तापाचे जंतू कोणी पाहिले नव्हते. पण मला वाटते, खरे कारण निराळेच. ते मानावयाचे तर आजवर आपल्याच हातांनी बायका मारल्या, हे मानावे लागले असते. सेमेलवाइस यांनी ते स्वतःपुरते मानले. आपण किती जणींना अकाली मरणाकडे पाठविले ते देवच जाणे, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मात्र त्यांचाही स्वभाव आड आला. वेळीच लिहावयाचे ते लिहिले नाही. १८५० साली चिडून व्हिएन्ना सोडले, ग्रंथ १८६१ चा, आणि मग विरोधकांना खुनी म्हणणारी पत्रे लिहीत सुटले. अशाने कोण ऐकतो?

१८६५ च्या जुलैअखेरीस त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, आणि सुमारे दोन आठवड्यांत, १३ ऑगस्टला, जखम चिघळून रक्तदोषाने ते वारले. वय सत्तेचाळीस. ज्या विकाराशी झगडले तोच म्हणावयाचा. आदल्याच दिवशी, १२ तारखेस, ग्लासगो येथे डॉक्टर लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम कार्बोलिक आम्लाने झाकली, आणि मुलगा पाय न गमावता बरा झाला. पुढे १८७९ साली पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतू माळेसारखे असतात हे फळ्यावर काढून दाखविले.

हे सारे वाचताना मला माझी थोरली मावशी आठवत होती. मी तिला पाहिलेले नाही. माझ्या जन्माआधी कितीतरी वर्षे, खेड्यात, बाळंतपणानंतर नवव्या दिवशी ती तापाने गेली. कोणी वारा लागला म्हणाले, कोणी बाधा म्हणाले. आजीने पाचव्या दिवशी तिला, तिने मागितला म्हणून, दहीभात दिला होता. त्यानेच लेक गेली, असे आजी अखेरपर्यंत म्हणे. तिच्या घरात पुन्हा कधी दहीभात झाला नाही. मावशीला कशाने ताप आला ते आज कोणी सांगू शकणार नाही. पण दहीभाताने बाळंतज्वर होत नाही, एवढे मला आता ठाऊक आहे.

वर्ग संपला त्या रात्री मी आईला हे सगळे सांगितले. ती वाती वळीत बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे आईला कोणी तरी सांगायला हवे होते ग."