लिव्हरच्या कॅन्सरवर किरणोत्सर्गी काचगोळे: ते बनतात कसे?

लिव्हरमधली गाठ ऑपरेशनने काढता येत नसेल, तर काही रुग्णांना डॉक्टर रेडिओएम्बोलायझेशन सुचवतात. 'रेडिओॲक्टिव्ह' हा शब्द ऐकताच घरचे धास्तावतात. म्हणून हे औषध नेमकं काय आहे, ते समजून घेऊ.

औषध म्हणजे इट्रियम असलेल्या खास काचेचे बारीक गोळे. एका गोळ्याचा व्यास २० ते ३० मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षाही कमी. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात सिरॅमिकतज्ज्ञ डेल्बर्ट डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वापराला मर्यादित परवानगी दिली.

कसे बनतात?

इट्रियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडं प्रचंड तापमानात वितळवून काच करतात. ती दळून, तिचे कण ज्योतीतून सोडतात. कण वितळून थेंबासारखे गोल होतात. मग चाळून हव्या त्या आकाराचे गोळे निवडतात.

इथपर्यंत काच अगदी साधी, निरुपद्रवी असते. शेवटी ती अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने इट्रियम-८९ चं किरणोत्सर्गी इट्रियम-९० होतं. ते काचेतच घट्ट बसलेलं असल्याने रक्तात विरघळत नाही.

काम कसं करतात?

लिव्हरच्या गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळतं, तर निरोगी भागाला जास्त करून पोर्टल शिरेतून. त्यामुळे बारीक नळीने धमनीत सोडलेले गोळे बहुतांशी गाठीत जाऊन अडकतात. त्यांचे बीटा किरण सरासरी अडीच मिलिमीटरच जातात. म्हणून गाठीला मोठा डोस मिळतो, आजूबाजूला कमी.

तारीख का पाळायची?

इट्रियम-९० ची ताकद दर ६४ तासांनी निम्मी होते. डोस रुग्णाच्या ठरलेल्या दिवसाचा आणि वेळेचा हिशोब करून मागवतात. तो साठवून ठेवता येत नाही. उपचाराआधी चाचणी करून गोळे फुप्फुसात किती जातील, तेही तपासतात. प्रमाण जास्त निघालं तर हा उपचार देत नाहीत. ही चाचणी टाळू नका.

मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे काचगोळे विकसित केले आहेत. त्यांचं नाव 'भाभास्फिअर'.

उपचार प्रत्येकाला चालत नाही. लिव्हर किती काम करतं, गाठ कुठवर पसरली, यावर निर्णय होतो. डॉक्टरांना हेच दोन प्रश्न आधी विचारा. घरी आल्यावर लहान मुलं आणि गरोदर बाईपासून किती दिवस अंतर ठेवायचं, तेही लिहून घ्या.