शिवणाच्या डब्याचं कूळ

आईच्या शिवणाच्या डब्याचं झाकण उघडायची एक रीत होती. अंगठ्यांची नखं कडेखाली घालून थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने उचकायचं. मग ‘टप्प’ आवाज होऊन ते सुटायचं. आत पांढऱ्या-काळ्या दोऱ्याची रिळं, टिचबटणं, हूक, फॉलची उरलेली पट्टी, लोकरीच्या तुकड्यात खोचलेल्या सुया, जुन्या सदऱ्यांची काढून ठेवलेली बटणं आणि एक पितळी अंगुस्तान. झाकणावर गुलाबांच्या वेलीत बसलेली मुलगी. कडेचा रंग उडाला होता, पण मुलगी शाबूत होती. त्यातली बिस्किटं कधी संपली, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

या डब्याचं कूळ शोधत गेलं, की आपण इंग्लंडमधल्या रेडिंग गावी पोहोचतो. तिथे लंडन स्ट्रीटवर 1822 मध्ये जोसेफ हंटली यांनी बेकरी काढली. समोरच क्राउन नावाची सराई होती. लंडनहून बाथकडे जाणाऱ्या घोडागाड्या तिथे थांबत आणि उतारू हंटलींची बिस्किटं विकत घेत. बिस्किट या शब्दाचं लॅटिन मूळ ‘दोनदा भाजलेलं’ असं सांगतं. इतका कोरडा जिन्नस हवेतली ओल पटकन ओढून सादळतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी त्याचा चुरा होतो. यावरची तोड रस्त्याच्या पलीकडेच सापडली. हंटलींच्या धाकट्या मुलाचं तिथे लोखंडी सामानाचं दुकान होतं. तो बिस्किटांसाठी पत्र्याचे डबे करू लागला. 1841 मध्ये जॉर्ज पामर बेकरीत भागीदार झाले, ‘हंटली अँड पामर्स’चं नाव जगभर गेलं, आणि धाकट्याच्या दुकानातून ‘हंटली, बूर्न अँड स्टीव्हन्स’ हा डब्यांचा कारखाना उभा राहिला.

हा पत्रा म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर चढवलेला कथलाचा मुलामा. आपल्या दारी येणारा कल्हईवाला पितळी पातेल्याला आतून हेच कथील लावायचा. पातेल्यात ते आंबटाला कळकू देत नाही. डब्यावर ते गंज धरू देत नाही.

सुरुवातीचे डबे साधे असत, वर कागदी लेबल चिकटवलेलं. कागद फाटे, डबा फेकला जाई. पत्र्यावरच चित्र उमटवायचं, तर अडचण अशी, की छपाईचा दगडही टणक आणि पत्राही टणक. एकावर एक दाबले तर शाई सारखी लागत नाही. 1868 मध्ये हंटली अँड पामर्सने चित्र थेट पत्र्यावर उतरवलेला पहिला डबा काढला. 1875 मध्ये रॉबर्ट बार्कले यांनी आणखी सोपी युक्ती पेटंट केली. दगडावरचं चित्र आधी पुठ्ठा गुंडाळलेल्या रुळावर घ्यायचं आणि त्यावरून पत्र्यावर. पुढे पुठ्ठ्याच्या जागी रबर आलं. हीच ऑफसेट छपाई. आज आपली पुस्तकं आणि मासिकं ज्या तत्त्वावर छापली जातात, त्याचं पहिलं काम पत्रा रंगवायचं होतं.

चित्र पक्कं झालं आणि डब्याचं आयुष्य बदललं. पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखे, टोपलीसारखे डबे निघाले. बिस्किटं संपल्यावरही डबा घरात राहावा, हाच कारखानदारांचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली आणि ही हौस ओसरली. आज घराघरांत दिसणारा गोल निळा डबा लोणीवाल्या डॅनिश बिस्किटांचा. तिथली ‘रॉयल डान्स्क’ कंपनी 1966 ची.

आपल्याकडे बारीकसारीक वस्तू ठेवायला आधी काय कमी होतं? बटवा होता, कप्प्याकप्प्यांची चंची होती, करंडी होती. संस्कृतात ‘करण्ड’ म्हणजे वेताची किंवा बांबूची टोपली. त्याच शब्दाचा आपला करंडा पुढे धातूचा झाला आणि त्यात कुंकू राहू लागलं. पण सुई करंडीच्या विणीतून निसटते, चंचीच्या कापडातून टोचते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिली तर गंजते. गंजलेली सुई रेशमात अडकून धागा ओढते. म्हणजे जे दोन शत्रू बिस्किटाचे, ओल आणि सांडलवंड, तेच सुईचे. घट्ट झाकणाचा, गुळगुळीत आतल्या अंगाचा, उथळ डबा दोघांनाही सारखाच मानवतो. बायकांनी तो ओळखून ठेवून घेतला. याला काटकसर म्हणतात. मला ती पारख वाटते.

आता माझी मुलगी स्क्रॅपबुक करते. मणी, टिकल्या, रंगीत चिकटपट्ट्या, कागदी फुलं यांनी टेबल भरून जायचं. एका दिवाळीत आलेला निळा डबा रिकामा झाला, तेव्हा बिस्किटांखालच्या कागदी वाट्या तिने फेकल्या नाहीत. एकीत लाल मणी, एकीत सोनेरी, एकीत टिकल्या अशी मांडणी करून तिने झाकण लावलं आणि कडेवर तळहात दाबला. ‘टप्प’ आवाज झाला. तो तिला कुणी शिकवला नव्हता.