मुद्गलाची जोडी

बळ कशासाठी कमवावे, या प्रश्नाचे उत्तर आमच्या जुन्या तालमींनी साधनांच्या घडणीतच देऊन ठेवले आहे. मुद्गलाचेच पाहा. त्याचे वजन मुठीपासून दूर, टोकाकडे एकवटलेले असते. म्हणून बेताचा मुद्गल फिरवितानाही मनगट, खांदा, पाठ, कंबर आणि रोवलेली पावले या सर्वांना एकदम राबावे लागते. शिवाय मुद्गलाची जोडी असते. उजव्या हाताने जितके फेर, तितकेच डाव्याने. त्यामुळे दुबळा हात मागे राहत नाही. जोर, बैठका आणि आखाड्याची माती खणणे यांची जोड मिळाली, की केवळ दिसण्यापुरता नव्हे, तर कामास येणारा देह घडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील इंग्रज लष्कराने हा व्यायाम उचलला. १८३४ साली लंडन येथे निघालेल्या डोनाल्ड वॉकर यांच्या ‘ब्रिटिश मॅन्ली एक्झरसायझेस’ या पुस्तकात त्याचे वर्णन आहे. पुढे तो युरोप-अमेरिकेत पसरला, आणि १९०४ च्या सेंट लुईस व १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची एक स्पर्धा ठरला. या प्रवासात मुद्गल हलका व सडपातळ झाला. ‘इंडियन क्लब’ या नावाने तो आमच्या शाळांच्या कवायतीत परतला, तेव्हा आपल्याच घरच्या माणसाला आम्ही पाहुणा समजलो!

महाराष्ट्राबाहेर राहून ही ओळख ज्यांनी जपली, त्यांत बडोद्याचा मान मोठा. तेथील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रो. माणिकराव यांनी सामुदायिक कवायतीला देशी आज्ञा दिल्या. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा मराठी ग्रंथही बडोद्याचाच.

आमच्या मंडळात यंत्रांची व्यायामशाळा काढावी, असा तरुण सभासदांचा आग्रह आहे. आमचा त्यास विरोध नाही. तीस वर्षे सरकारी खुर्चीत बसलेल्या आम्हांस तो अधिकारही नाही. गेल्या बदलीच्या वेळी पुस्तकांची एक पेटी उचलताना पाठीने दगा दिला आणि पंधरा दिवस अंथरुणात काढावे लागले. तेव्हा आमची एकच विनंती आहे. मंडळाच्या अडगळीच्या खोलीत मुद्गलांची एक जुनी जोडी धूळ खात पडली आहे. नव्या यंत्रांसाठी जागा करताना ती भंगारात जाऊ नये. तिला तेल लावून दाराशी ठेवावे, आणि जाणत्याच्या देखरेखीखाली ती रोज कोणीतरी फिरवावी.