तळटीप : साहित्यिक एजंट
१. लेखक आणि प्रकाशक यांच्यामधला हा मध्यस्थ लंडन-न्यूयॉर्कच्या कादंबरी-व्यवहारात जवळपास अपरिहार्य असतो. मराठीत त्याचे बस्तान बसले नाही. छोट्या आवृत्तीच्या मानधनातून १५ टक्के दलाली निघणार तरी किती? त्यामुळे शहाडच्या कादंबरीकाराचे बाड आजही थेट प्रकाशकाकडेच जाते. प्रकाशक शोधायचा तो आपल्या जातकुळीच्या कादंबऱ्यांच्या श्रेयपानावर. त्यासाठी शहाडहून एका स्टेशनावरच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना १८६४) पुरते. प्रकाशकाला एका पानाचे पत्र, पहिली दोन-तीन प्रकरणे आणि शेवटासकट कथानकाचा गोषवारा द्यावा. (रहस्य राखून ठेवण्याचा मोह इथे नडतो.) हस्तलिखित घडवण्याचे, म्हणजे एजंटाचे निम्मे, काम मराठीत संपादकांनीच केले, ‘मौज’चे श्री. पु. भागवत त्यासाठीच ओळखले जात. इंग्रजीत लिहिणाऱ्याची वाट वेगळी. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन विमानाने थेट दिल्लीला आले होते. कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली. असे भाग्य क्वचितच. रीतसर एजंट आपला वाटा लेखकाला मिळालेल्या रकमेतूनच घेतो. नुसते वाचण्यासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्याच्या हाती हस्तलिखित देऊ नये.