भिंतीला सोर्स म्हणता येतं का? स्वयंपाकघरातल्या स्वस्त रंगाचा इतिहास

पेटची किंवा प्रपोजलची तयारी करणारे बरेच जण एकच गोष्ट सांगतात: "विषय मनापासून आवडलाय, पण त्यावर काही सापडतच नाही. सोडून देऊ का?" माझं उत्तर सहसा "थांबा" असं असतं. का, ते आज एका पोपड्यावरून सांगतो.

मागच्या वर्षी गिरगावात मावशीच्या चाळीतल्या स्वयंपाकघराचं रंगकाम निघालं. पैसे बेताचे. म्हणजे टाइल्स नाहीत, नवा ओटा नाही. भिंती खरवडायच्या, लांबी भरायची आणि रंगाचे दोन हात मारायचे, एवढंच. रंगाऱ्याने खरवडायला घेतलं आणि खिडकीजवळून तळहाताएवढा जाड पोपडा सुटून पडला. मी तो उचलला आणि कडेने बघितला. वर फिकट क्रीम रंग, त्याखाली पिस्ता, त्याखाली चकचकीत पिवळा ऑइलपेंट, मग डिस्टेंपरचा पिठूळ निळा थर. आणि त्याच्याखाली नुसता पांढरा, पांढऱ्यावर पांढरा. पण दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये केसाएवढ्या काळ्या रेघा होत्या. वरच्या रंगीत थरांमध्ये मात्र अशी एकही रेघ नव्हती.

त्या वेळी माझ्या डोक्यात एक तयार गोष्ट होती. रंगकंपन्या आल्या, जाहिराती आल्या, म्हणून मध्यमवर्गाची घरं रंगीत झाली. पुरावेही कसे छान जुळत होते. एशियन पेंट्स १९४२ साली याच गिरगावात एका गॅरेजमध्ये सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये तिच्यासाठी हातात ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू काढला. कंपनी, चित्र, ग्राहक, रंग. सिनॉप्सिसमध्ये हे फार बरं दिसतं. पण जाहिरात विकायला असलेली भिंत दाखवते, घरातली नाही. आणि पोपड्यातल्या काळ्या रेघांचं काय करायचं, हे त्या गोष्टीत कुठेच बसेना.

त्या रेघा म्हणजे काजळी. चूल, शेगडी, नंतर रॉकेलचा स्टोव्ह यांचा धूर वर्षभर भिंतीवर बसायचा. पावसाळा संपला, की घट बसायच्या आधी किंवा दिवाळीच्या तोंडावर जळमटं काढून चुन्याचा हात दिला जायचा. आदल्या वर्षाची काजळी नव्या चुन्याखाली गाडली जायची. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखंच हे. (मोह आवरा. वर्तुळं मोजून वर्षं काढता येतात, इथे नाही. त्याबद्दल पुढे बोलतो.)

आता जरा चुन्याकडे वळू. कमी पैशात जुनाट स्वयंपाकघर ताजं करायचं इथलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात हुशार तंत्र हेच आहे. चुनखडी किंवा किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजायचे, निघालेली चुनकळी पाण्यात विरवायची, गाळायची आणि कुंच्याने भिंतीला फासायची. मुंबईतल्या चुनाभट्टी स्टेशनवरून जाताना हे नाव कुठून आलं, याचा आपण विचारही करत नाही. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचा पातळ पापुद्रा चढतो. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो, की त्यात बुरशी आणि जंतू तग धरत नाहीत. स्वच्छता आणि रंग एकाच बादलीत, तेही अगदी स्वस्तात.

पण चुन्याचा पांढरा रंग काही दिवसांनी पिवळट दिसू लागतो. त्यावर उपाय म्हणजे नीळ. कपड्यांना घालायची तीच. चिमूटभर निळा रंग पिवळेपणा मारतो आणि डोळ्याला भिंत अधिक पांढरी वाटते. हे नुसतं घरगुती शहाणपण नव्हतं, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमपुस्तिकेतही ते आहे: किलोभर चुन्याला जास्तीत जास्त तीन ग्रॅम नीळ, शिवाय रंग हाताला लागू नये म्हणून डिंक. आपल्या आज्या डोळ्याच्या अंदाजाने करत होत्या ते सरकारी इंजिनिअर ग्रॅममध्ये लिहीत होते. मला ही नोंद सापडली तेव्हा फार आनंद झाला. ज्याला आपण "याचं कोणी काही लिहून ठेवलं नाही" म्हणतो, ते कधीकधी भलत्याच खात्याच्या कपाटात असतं.

इथे रसायनशास्त्राची एक गंमत सांगायलाच हवी. नीळ म्हणून बाजारात जे मिळतं ते बहुतेकदा कृत्रिम अल्ट्रामरीन. फ्रान्समध्ये १८२०च्या दशकाच्या अखेरीला ते कारखान्यात बनवण्याची रीत सापडली, आणि पूर्वी लाजवर्द दगडातून काढावा लागणारा महागडा निळा रंग एकदम स्वस्त झाला. अल्ट्रामरीन चुन्यात टिकतं. प्रशियन ब्लू मात्र चुन्याच्या अल्कलीत बिघडतो आणि तपकिरी पडतो. म्हणजे जुन्या भिंतीवर चुन्यातली निळी छटा आज शाबूत असेल, तर तिथे कोणता निळा असणार, याचा बराचसा अंदाज प्रयोगशाळेत न जाताही बांधता येतो. सायन्स सोडून इतिहासाकडे आलेल्यांनो, तुमचं बारावीचं केमिस्ट्री वाया गेलेलं नाही.

चुलीच्या मागची भिंत मात्र पांढरी ठेवण्याच्या फंदात शहाणं माणूस पडत नसे. लाकडाच्या धुरातलं डांबरासारखं चिकट द्रव्य चुन्यातून पुन्हा वर येतं, चार दिवसांत तपकिरी डाग उमटतात. म्हणून तिथे शेणमातीचं सारवण, चुलीला रोजचं पोतेरं, कोकणात काव, कुठे गेरू. गडद रंग डाग लपवतो. आजही कमी खर्चात स्वयंपाकघर रंगवताना फोडणीच्या मागे कोणता रंग द्यायचा, हा हिशेब आपण करतोच. तो आपल्या पणजीने आधीच करून ठेवलाय. फरक एवढाच, की रंगाऱ्याची मजुरी खर्चाच्या वहीत चढते आणि रोजचं पोतेरं कुठल्याच वहीत चढत नाही. जमाखर्चाच्या वह्या वाचणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवावं: नोंद नाही म्हणजे काम नाही, असं नव्हे.

सरकारी कागदात चुना एकदा मात्र भरभरून सापडतो, तो प्लेगच्या वेळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतर म्युनिसिपालिटीने घरं धुणं, जंतुनाशकं फवारणं, भिंतींना चुना मारणं याचा धडाका लावला. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा अहवाल आणि पुढे जनरल गटॅकर यांच्या प्लेग कमिटीचा अहवाल वाचले, की दिवाळीतला घरगुती कुंचा सरकारच्या हातात गेलेला दिसतो. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात झडतीच्या वेळी सोल्जर थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात, हीच त्या वेळची मोठी तक्रार होती. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. ज्या भिंतीजवळ सोवळं पाळलं जायचं तिथे परका माणूस पोहोचला, ही गोष्ट मात्र धड्याच्या एका ओळीत संपते.

आता सापळा बघा. एवढे कागद हाताशी आल्यावर "प्लेगमुळे मुंबईची स्वयंपाकघरं पांढरी झाली" असं लिहून टाकावंसं वाटतं. मीही लिहिलं होतं. गाइडने समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं. बरोबरच होतं, चुना त्याच्या कितीतरी आधीपासून लागत होता. प्लेगने चुन्याला कागद दिले, भिंतीला चुना दिला नाही. जिथे सरकार लिहायला लागतं तिथे गोष्ट सुरू झाली असं समजणं, ही आपल्या धंद्यातली सगळ्यात सामान्य चूक आहे.

मग रंग कधी आला? इथे दोन धागे येतात, आणि मला अजून दोन्ही नीट विणता आलेले नाहीत.

पहिला भाड्याचा. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठवली. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच होती. पण गोठलेल्या भाड्यात मालकाला जिना सांभाळणंही जिवावर येऊ लागलं, खोलीतल्या रंगाचं तर नावच नको. दुसरीकडे भाडेकरूला खात्री वाटू लागली, की आपल्याला इथून सहजासहजी कोणी काढत नाही. मला वाटतं, आतली भिंत मनाने त्याची झाली ती इथे. जी खोली आपल्याच मुलांना मिळणार तिच्यावर चार पैसे टाकायला माणूस तयार होतो. हा माझा तर्क आहे, सिद्ध केलेली गोष्ट नाही.

दुसरा धागा इंधनाचा, आणि पोपड्यातल्या रेघा तोच दाखवतात. बर्मा शेलने १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. "बर्शेन" हा शब्द अजूनही काही जुन्या घरांत ऐकू येतो. सगळ्यांना तो लगेच मिळाला असं नाही. कनेक्शनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी पिढी तुमच्याही घरात असेल, तिला विचारा. पण गॅस आला, की काजळी थांबते. धुरात रंगीत भिंतीला अर्थ नव्हता, दरवर्षी चुन्याने ती झाकावीच लागे. धूर गेल्यावर रंग तीन-चार वर्षं टिकू लागला, आणि मग तो निवडण्यात मजा आली. म्हणजे जाहिराती खोट्या नव्हत्या, पण त्या पोहोचायच्या आधी शेगडी बदलावी लागत होती.

धूर गेला तरी फोडणीचा तेलकटपणा उरलाच. साधं डिस्टेंपर ओल्या फडक्याने पुसलं की फडक्यावर येतं. म्हणून जमिनीपासून छातीपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा आणि वर डिस्टेंपर, ही तडजोड. महाग रंग पुसावं लागतं तेवढ्याच जागी. बीडीडी चाळीसारख्या साधारण १६० चौरस फुटांच्या खोलीत स्वयंपाकघराला वेगळी भिंतच नसते. तिथे हा पट्टा मोरीपाशी आणि ओट्यामागे चालतो आणि मध्येच थांबतो. तो थांबतो तिथे स्वयंपाकघर संपलं. नकाशात नसलेली खोली रंगाने आखलेली. मी पाहिलेल्या मोजक्या खोल्यांमध्ये ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली.

ऑइलपेंटचे पोपडे एवढे का निघतात, याचंही उत्तर त्या खालच्या पांढऱ्या थरांत आहे. चुन्याची अल्कली आणि रंगातलं तेल एकत्र आले, की साबण होतो. त्यात मोरीची ओल. म्हणून चुना पूर्ण खरवडून, अस्तर लावूनच तेलाचा रंग द्यायचा असतो. घाईत आणि तुटपुंज्या पैशात ते टळतं, आणि आमच्यासारख्यांना सोर्स मिळतो.

तुमच्यापैकी कोणी असं काम करणार असेल तर एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः झगझगीत पिवळ्या, शेंदरी, हिरव्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६चे, लागू झाले २०१७च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा थर कोरडा घासू नका. भिंत ओली करून खरवडा, मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला घराबाहेर ठेवा, डबे-भांडी झाका. मावशीकडे हे मी उशिरा सांगितलं, तोवर अर्धी भिंत कोरडीच घासून झाली होती.

आता वर्तुळं का मोजायची नाहीत ते. नवा हात देण्याआधी सुटलेला जुना चुना झाडून काढतात, त्यामुळे काही वर्षं भिंतीवरून कायमची गेलेली असतात. घरात सुतक असेल तर त्या दिवाळीला चुना लागतही नसे. शिवाय ओट्यामागचा थर आणि खिडकीजवळचा थर एकसारखा नसतो. भिंत क्रम सांगते, तारीख सांगत नाही. तारखेसाठी गॅसचं जुनं कार्ड, भाड्याच्या पावत्या, लग्नाच्या वेळी घरात काढलेला फोटो, आणि "अगं, तुझ्या मुंजीला पिवळा दिला होता ना" असं म्हणणारी दोन माणसं लागतात. मुंज मुलाची होती आणि रंग हिरवा होता, यावर ती दोघं भांडतील. तेही लिहून घ्या.

माझ्याकडे त्या स्वयंपाकघरातल्या पोपड्यांच्या दोन पुड्या आहेत. पहिलीवर लिहिलंय: खिडकीच्या डावीकडे, जमिनीपासून साडेचार फूट. दुसरी ओट्यामागची. तिच्यात काळ्या रेघा जास्त आहेत, आणि एका ठिकाणी दोन रंगीत थरांच्या मध्येही एक पुसट रेघ दिसते. म्हणजे गॅस आल्यावरही कधीतरी स्टोव्ह पेटत होता का? की तो नुसता फोडणीचा तेलकट थर? ती पुडी किती उंचीवरून घेतली ते मी लिहिलं नाही. आता तिथे पिस्ता रंगाचे दोन हात बसलेत.